म्हशीशिवाय न निघणारा एजंट : पंचगंगेकाठच्या एका आभासी गावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर पहिला प्रश्न असतो तो 'पाणी किती फुटांवर गेलं?' हा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फूट आणि इंचांत मोजली जाते, आणि ३९ फूट म्हणजे इशारा व ४३ फूट म्हणजे धोका, हे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, ते पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेले आणि दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. आकडे सर्वांना माहीत असूनही नदीकाठच्या गावांत दोन्ही पुरांत शेवटच्या क्षणापर्यंत लोक घरांत थांबले आणि अनेकांना बोटीतून बाहेर काढावे लागले.

या प्रकरणातील गाव करवीर तालुक्यात नदीकाठी आहे. गावाचे, महाविद्यालयाचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटू नये म्हणून घरांची मांडणी व काही तपशील बदलले आहेत. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी या गावासाठी पुराच्या वेळच्या स्थलांतराचा आभासी सराव तयार करण्याचा प्रकल्प घेतला. मी त्यांचा बाहेरचा मार्गदर्शक होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या काही माझ्याही आहेत.

कल्पना साधी होती. खेळ तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये गाव उभे करायचे, नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवायचे, आणि गावकऱ्यांनी समाजमंदिरात पडद्यासमोर बसून हातातल्या नियंत्रकाने एकेक पात्र चालवत घर सोडण्याचा सराव करायचा. गावातली उरलेली माणसे, म्हणजे शेजारी, ट्रॉलीवाले, तालमीची पोरे, ही सॉफ्टवेअर एजंट असणार होती. ग्रामसभेत 'एजंट' हा शब्द उच्चारताच मागून एकाने "इम्याचा का जमिनीचा?" असे विचारले होते, आणि त्या प्रश्नाला उत्तर देताना आम्हालाही आपली व्याख्या नीट मांडावी लागली. मायकेल वूल्ड्रिज आणि निकोलस जेनिंग्ज यांनी १९९५ मध्ये एजंटाचे चार गुण मांडले होते : तो स्वतःच्या निर्णयाने चालतो, भोवतालात बदल झाला की प्रतिसाद देतो, कोणी न सांगता आपल्या हेतूसाठी पुढाकार घेतो आणि इतर एजंटांशी व्यवहार करतो. विद्यार्थ्यांनी पहिल्या तीन गुणांवर चार महिने घालवले. चौथा गुण त्यांनी 'नंतर जोडू' या यादीत ठेवला होता आणि मीही त्यावर सही केली होती.

प्रत्येक एजंटाची रचना धारणा, इच्छा आणि संकल्प अशा तीन कप्प्यांची होती. तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांच्या १९८० च्या दशकातील विचारावरून ही रचना घडली आणि पुढे आनंद राव व मायकेल जॉर्जेफ यांनी तिला संगणकीय रूप दिले. पाणी कुठवर आले आहे ही धारणा, जीव व चीजवस्तू वाचवणे ही इच्छा, आणि 'आता शाळेतल्या छावणीकडे निघणे' हा संकल्प. आभासी गावात असे १८० एजंट होते.

अडचण

पहिले सादरीकरण डिसेंबरमध्ये झाले. पडद्यावर पाण्याने ३९ फुटांची खूण ओलांडली, भोंगा वाजला, आणि सगळ्या घरांतून एजंट एकाच वेळी बाहेर पडून, परस्परांत सारखे अंतर ठेवून, प्रभातफेरीसारखे रांगेत शाळेकडे चालू लागले. हे अंतर ठेवण्याचे तंत्र क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये पक्ष्यांच्या थव्यासाठी मांडलेल्या तीन नियमांवरून घेतले होते : फार जवळ जाऊ नये, शेजाऱ्याच्या दिशेने वळावे, थव्याच्या मध्याकडे सरकावे. तांत्रिकदृष्ट्या त्यात एकही चूक नव्हती. समाजमंदिरात मात्र आधी शांतता पसरली आणि मग हशा पिकला. पुढे बसलेले एक वयस्क शेतकरी म्हणाले, "ही मानसं आमच्या गावची न्हाईत. म्हस सोडून कोन जातंय?"

त्यानंतर जे बोलणे झाले ते आमच्या चार महिन्यांच्या कामापेक्षा मोलाचे होते. लोक फुटांच्या आकड्यावर निघत नाहीत, तर मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागले यावर निघतात. २००५ च्या पुराचे पाणी ज्या भिंतीपर्यंत आले होते तिच्या पुढे ते येणार नाही, असे २०१९ मध्ये अनेकांनी धरून ठेवले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बहुतेक जण शेजारी निघाला की निघतात. 'तू निघालास की मी निघतो' हे वाक्य त्या दिवशी निदान पाच-सहा जणांनी आपापल्या परीने सांगितले.

विद्यार्थ्यांनी हे सगळे उत्साहाने एजंटांत भरले. ज्यांच्याकडे जनावरे होती त्यांच्या संकल्पाला 'जनावर सोबत असेल तरच' ही अट जोडली आणि प्रत्येक घराला एक-दोन शेजारी नेमून 'तो निघाल्यावर' अशी दुसरी अट जोडली. जानेवारीत चाचणी घेतली तेव्हा पाणी ३९ वरून ४३ वर, ४३ वरून ४८ वर चढत गेले आणि गावातून जवळजवळ कोणीच हलले नाही. नोंदवहीतल्या तीन ओळी मी तेव्हा उतरवून घेतल्या होत्या :

क्रमांक ४१ : तयार. ५७ निघण्याची वाट पाहत आहे.
क्रमांक ५७ : तयार. ६३ निघण्याची वाट पाहत आहे.
क्रमांक ६३ : तयार. ४१ निघण्याची वाट पाहत आहे.

तिघेही तयार होते, तिघांच्याही धारणेत पाणी वाढत होते, आणि तिघेही आपापल्या उंबऱ्यावर उभे राहून बुडाले. संगणकशास्त्रात याला चक्राकार प्रतीक्षा म्हणतात. एडवर्ड कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अशा कोंडीच्या चार अटी सांगितल्या : साधन एका वेळी एकालाच मिळणे, हातातले न सोडता दुसऱ्याची वाट पाहणे, कोणाच्याही हातातले काढून घेता न येणे, आणि ही वाट पाहणारी साखळी गोल फिरून पहिल्यापाशी येणे. या चार अटी विद्यार्थ्यांनी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत लिहिल्या होत्या; त्या गावाच्या उंबऱ्यावर भेटतील असे त्यांना वाटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

काही घरे मात्र या साखळीत नसूनही अडकली होती आणि त्यांचे कारण वेगळेच निघाले. आभासी जगात एजंटाला चालता येईल अशा जमिनीचा एक नकाशा आधी तयार करून ठेवलेला असतो, आणि त्या नकाशासाठी प्रत्येक चालणारी वस्तू उभ्या डब्यासारखी गोल धरली जाते. माणसासाठी अर्धा मीटर त्रिज्या होती. म्हशीसाठी एका विद्यार्थ्याने तिच्या लांबीवरून अंदाज बांधून तब्बल एक मीटर त्रिज्या दिली होती, म्हणजे म्हैस दोन मीटर व्यासाची झाली, आणि गावातले बोळ होते दीड मीटरचे. म्हैस सरळ चालत निघाली तर दीड मीटरच्या बोळातून सहज जाते, कारण ती लांब असते, गोल नसते. आमच्या आभासी गावात मात्र तिच्यासाठी गोठ्यापासून रस्त्यापर्यंत वाटच अस्तित्वात नव्हती, आणि तिच्याशिवाय न निघण्याचा संकल्प केलेला मालक वाट मिळेपर्यंत थांबून राहत होता. दोन दिवस आम्ही त्याच्या 'मानसिकतेत' दोष शोधत होतो.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर गटासमोर चार मार्ग होते आणि त्यांच्यावर दोन आठवडे वाद झाला.

पहिला मार्ग म्हणजे एजंटपणाच सोडून देणे. कोण कधी निघणार हे आधीच लिहून ठेवायचे आणि पडद्यावर ते नाटकासारखे चालवायचे. वेळेच्या दृष्टीने हा सर्वांत सुरक्षित होता, आणि महाविद्यालयातील परीक्षकांना फरकही कळला नसता. पण सहभागी गावकऱ्याने एखाद्या शेजाऱ्याला आधी बाहेर काढले तर पुढचे काही बदलणार नाही, मग सराव तरी कशाचा, या एका आक्षेपावर तो बाद झाला.

दुसरा मार्ग होता वरून सगळे पाहणारा एक नियंत्रक ठेवण्याचा. तो कोंडी ओळखेल आणि एकाला 'तू निघ' असे सांगेल. संगणकाच्या प्रणालीत असेच करतात, आणि माझा कल याच बाजूला होता. गटातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गावात हा नियंत्रक कोण?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रशासनाचा आदेश येतो, पण उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला हलवणारा तो नसतो, हे डिसेंबरच्या बैठकीत लोकांनीच सांगितले होते.

तिसरा मार्ग तेव्हा सर्वांत मोहक होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगलमधील संशोधकांनी एका छोट्या आभासी गावात २५ एजंट सोडून, त्यांना भाषा-प्रारूपाच्या (चॅटजीपीटीसारख्या, माणसासारखी वाक्ये रचणाऱ्या प्रणालीच्या) आधारे स्मृती, चिंतन आणि नियोजन दिले होते. एका एजंटाच्या मनात पार्टीची कल्पना घातली, तर निमंत्रणे एकाकडून दुसऱ्याकडे जात काही एजंट खरोखर ठरलेल्या वेळी जमले. तेच आपण करू, एजंट मराठीत एकमेकांशी बोलतील आणि निघायचे की नाही ते बोलण्यातूनच ठरेल, असा दोघा विद्यार्थ्यांचा आग्रह होता. आम्ही वीस एजंटांवर तसा प्रयोग केला.

त्याचे अपयश बोधक होते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पहिली गोष्ट भाषेची. एका आजोबा-एजंटाने शेजाऱ्याला "कृपया आपण सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे" असे सांगितले. ही भाषा तलाठी कार्यालयाच्या फलकाची होती, उंबऱ्यावरची नव्हती. हे सूचना बदलून काही प्रमाणात सुधारता आले. दुसरी गोष्ट स्वभावाची. भाषा-प्रारूप समोरच्याचे म्हणणे मान्य करण्याकडे झुकते. सहभागी माणसाने "काका, चला" म्हटले की काका "हो, चला" म्हणत. हट्टी रंगवलेला म्हाताराही दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला राजी होई. ज्या गावात एका आजीला हलवायला नातवाला दोन तास लागले होते, तिथे हे खोटे शिक्षण ठरले असते. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर होती : एजंट "निघतो" असे म्हणे आणि जागचा हलत नसे. कारण त्याचे बोलणे एका यंत्रणेतून येत होते आणि पाय दुसऱ्या यंत्रणेने चालत होते. त्याच्या संकल्पांच्या कप्प्यात 'निघणे' कधी नोंदलेच गेले नव्हते. शेजारचा एजंट मात्र त्या शब्दावर विसंबून आपल्या म्हशीचे दावे सोडून त्याची वाट पाहत राही.

या तिसऱ्या दोषाने चौथा मार्ग दाखवला. दोन एजंटांमध्ये जाणारा शब्द म्हणजे नुसते वाक्य नसून एक कृती असते, हा विचार जॉन ऑस्टिन आणि जॉन सर्ल यांच्यापासून चालत आला आहे, आणि एजंटांच्या संवादासाठी तयार झालेल्या जुन्या भाषा त्यावरच उभ्या होत्या. प्रत्येक निरोपाला तिथे प्रकार असतो : कळवणे, विनंती करणे, कबूल करणे, नाकारणे. आमच्या लाडक्या नव्या प्रारूपापेक्षा हे सारे जुनाट दिसत होते, म्हणून आम्ही त्याकडे पाहिले नव्हते.

केलेली कार्यवाही

फेब्रुवारीत गटाने उलट क्रम लावला. आधी एजंट आपल्या धारणा आणि संकल्पांवरून निरोपाचा प्रकार ठरवेल, आणि त्यानंतरच, तोही सहभागी माणूस जवळ असेल तर, भाषा-प्रारूप त्या प्रकाराला बोलीतले वाक्य देईल. प्रकार 'कबूल' असेल तर ते वाक्य तोंडातून निघण्याआधी संकल्पाच्या कप्प्यात नोंद झालीच पाहिजे, आणि तो संकल्प मोडायचा झाल्यास ज्याला शब्द दिला त्याला तसा निरोप गेलाच पाहिजे. शब्दांची मालकी भाषा-प्रारूपाकडून काढून घेतल्यावर खर्चही आटोक्यात आला, कारण १८० पैकी एका वेळी दोन-चार एजंटांनाच बोलायचे असे.

चक्राकार प्रतीक्षेवर उपाय गावानेच दिला. आम्ही पुन्हा गेलो आणि थेट विचारले की २०१९ मध्ये सगळेच शेजाऱ्याची वाट पाहत होते, तर शेवटी पहिला कोण निघाला. उत्तर होते, तालमीची पोरे. ती विचारत बसत नाहीत. गोठ्यात शिरतात, दावे सोडतात, जनावर रस्त्याला लावतात, आणि मग मालक शिव्या देत मागून येतो. कॉफमनच्या चार अटींपैकी 'कोणाच्याही हातातले काढून घेता न येणे' ही तिसरी अट तालमीची पोरे मोडत होती. म्हणून सहा एजंटांना, आणि सहभागी माणूस चालवत असलेल्या पात्राला, हा अधिकार दिला, मात्र दोन बंधने घालून. पाणी गावाने सांगितलेल्या पायरीला लागल्याखेरीज तो वापरता येत नाही, आणि अनोळखी घरी तो चालत नाही, ओळखीच्या घरीच चालतो. दुसरे बंधन गावकऱ्यांच्या आग्रहाने आले. त्यामुळे पहिल्याच चाचणीत ज्या आळीत तालमीचे कोणी राहत नव्हते ती आळी मागे राहिली, आणि हे दृश्य पाहून सरपंचांनी ती खरी कोणती आळी आहे ते लगेच ओळखले.

ट्रॉल्यांच्या वाटपासाठी रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली निविदेची पद्धत घेतली. घर हाक देते की दोन माणसे आणि एक म्हैस न्यायची आहे. जवळपासच्या ट्रॉल्या आपापला वेळ सांगतात. घर सर्वांत कमी वेळ सांगणाऱ्याला काम देते. गावठाणात हे छान चालले. मळ्यातल्या वस्तीवरच्या तीन घरांना मात्र शेवटपर्यंत ट्रॉली मिळाली नाही, कारण दर वेळी गावठाणातले एखादे नवे घर ट्रॉलीला अधिक जवळ असे. कोणीही अन्याय केला नव्हता, प्रत्येक व्यवहार एकेकटा पाहिला तर योग्यच होता. यावर हाक जितका वेळ पडून राहील तितकी तिची निकड वाढेल असा नियम घातला. गावठाणाची सुटका त्यामुळे थोडी लांबली, आणि यावर गटात एकमत झाले नाही. निर्णय आम्ही गावावर सोडला आणि गावाने मळ्याच्या बाजूने कौल दिला.

धारणांमध्येही दुरुस्ती करावी लागली. 'राधानगरीचे दरवाजे उघडले' हा निरोप मिळताच एजंट पाणी दारात आल्यासारखे धावत सुटत. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात, पण ते पाणी भोगावतीतून इथवर यायला तास लागतात, आणि काठावरच्या माणसाला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक बातमीला 'हे केव्हा खरे ठरेल' असा काळ जोडला. वयस्क एजंटांच्या धारणेत २००५ ची खूणही घातली. पाणी तिथवर येईपर्यंत ते निरोपांवर अर्धाच विश्वास ठेवत.

म्हशीची त्रिज्या ०.४ मीटर केली. हे एका ओळीचे काम होते.

निष्पत्ती

मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, समाजमंदिरात दुसरा सराव झाला. या वेळी हशा पिकला तो वेगळ्या कारणासाठी. बचत गटातल्या एक ताई नियंत्रक घेऊन बसल्या आणि त्यांच्या शेजारच्या एजंटाने तीनदा "तुमी व्हा फुडं, आलोच" असे सांगितले. त्या चिडल्या, पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "आलोच म्हंतोय आनि गोठ्याकडंच बघतोय." मग त्यांनी बोलणे सोडले, आपले पात्र त्याच्या गोठ्यात नेले आणि म्हशीचे दावे सोडले. एजंट मागोमाग निघाला. त्याचे घर ताईंच्या पात्राच्या ओळखीचे होते म्हणून नियमाने ते शक्य झाले. त्यांना हा नियम कोणी सांगितलेला नव्हता.

सरावानंतरच्या चर्चेत गावाने तीन गोष्टी ठरवल्या : माणसे धोका पातळीला हलोत वा न हलोत, जनावरे इशारा पातळीलाच हलवायची, मळ्याकडे जाणारी एक ट्रॉली आधीच नेमून ठेवायची, आणि ज्या आळीत तालमीचे कोणी नाही तिथली जबाबदारी दोन पोरांवर द्यायची. यांतला एकही निर्णय संगणकाने सुचवलेला नव्हता. एजंटांनी एवढेच केले की गावाला आपले वागणे बाहेरून, थोड्या अंतरावरून पाहता आले.

एक तक्रारही आली, आणि ती रास्त होती. आम्ही नावे वापरली नव्हती, पण कोपऱ्यावरचे घर, पुढचे चिंचेचे झाड आणि न हलणारी म्हातारी एवढ्यावरून लोकांनी एका कुटुंबाला ओळखले. त्या घरातल्या मुलाने सरावानंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की आजी वारल्यावर तिला असे पडद्यावर पाहणे घरच्यांना जड गेले. त्या रात्रीच घरांची अदलाबदल केली आणि झाड काढून टाकले. जे व्हायचे ते मात्र होऊन गेले होते.

आज पुन्हा करायचे झाल्यास

सर्वप्रथम, इतर एजंटांशी व्यवहार करण्याचा तो चौथा गुण शेवटी ठेवणार नाही. एकेक एजंट हुशार करण्यात घालवलेले चार महिने वाया गेले असे म्हणणे अतिरेकाचे होईल, पण कोण कोणाची वाट पाहतो, कोणाच्या शब्दाने कोण बांधला जातो आणि कोणाला कोणाच्या गोठ्यात शिरण्याचा अधिकार आहे, हे तीन तक्ते गावात बसून पहिल्या आठवड्यात लिहिले असते तर एजंट निम्म्याने साधे ठेवूनही चालले असते. आमच्या गावातले बहुतेक दोष एका एजंटाच्या डोक्यात सापडले नाहीत; गोल म्हैस आणि धरणाची बातमी वगळता ते दोघांच्या मध्ये होते.

दुसरे, पडद्यावर खेळणारा माणूस हाही त्या जगातला एक एजंटच असतो, हे आम्ही गृहीत धरले नव्हते. शाळकरी मुलांनी नियंत्रक हातात येताच पात्रे गावभर पळवली, आणि पळणारे माणूस दिसणे हा आमच्या एजंटांसाठी धोक्याचा संकेत असल्याने अर्ध्या गावात विनाकारण धावपळ उडाली. आभासी जगांच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात एका बंदिस्त भागापुरता ठेवलेला संसर्ग खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत पोहोचला, न मरणारी दुकानदार-पात्रे त्याची वाहक बनली, आणि काही खेळाडूंनी तो मुद्दाम पसरवला. पुढे साथरोग-अभ्यासकांनी त्यावर लिहिले. ते उदाहरण मी वर्गात दर वर्षी शिकवतो. तरीही पळणाऱ्या पोरांचा विचार मला सुचला नाही.

तिसरी बाब अधिक अवघड आहे. आमचे एजंट आज जसे वागतात ते डिसेंबर ते मेपर्यंत समाजमंदिरात जे बोलले त्यांच्या आठवणींप्रमाणे. तिथे बोलणारे बहुतेक पुरुष होते, जमीनजुमला असलेले होते आणि दोन्ही पुरांतून सुखरूप बाहेर आलेले होते. ऊसतोडीसाठी आलेली किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबे आमच्या १८० एजंटांत आहेत, पण त्यांची वागणूक आम्ही इतरांकडून ऐकून लिहिली. 'तू निघालास की निघतो' म्हणण्यासाठी जो शेजारी लागतो तो त्यांना आहे की नाही, हे त्यांच्यापाशी बसून विचारायला हवे होते.

पुढच्या वर्षीच्या गटाकडे गावाने एक मागणी नोंदवली आहे. आमचे आभासी गाव शेवटचा एजंट शाळेत पोहोचला की थांबते. प्रत्यक्षात पुरुष दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून घर पाहायला परत जातात, मागे राहिलेले वासरू आणायला जातात, आणि बोटवाल्यांची खरी दमछाक तिथे होते. त्यासाठी संकल्पांच्या कप्प्यात 'परत जाऊन घर बघून येणे' हा एक संकल्प घालावा लागेल, आणि तो घातला की छावणीत पोहोचलेला एजंट म्हणजे सुटलेला एजंट, ही आमची मोजणी पहिल्यापासून बदलावी लागेल.